रॅम काय म्हणते, ते आधी ऐक

मने, काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं. वाटलं, घरी कुणाला काही झालं. झालं होतं तुझ्या कॉम्प्युटरला. आठवड्यात चौथ्यांदा निळा स्क्रीन, आणि वर त्या हळदीच्या फोटोंपैकी एकात नवरीच्या कपाळाखालचं सगळं राखाडी. "ताई, कॅमेरा गेला का गं?" असं तू विचारलंस तेव्हा रडायच्या बेतात होतीस. कॅमेरा गेलेला नाही. पण रात्री बारा वाजता रॅमच्या टायमिंगवर बोलत बसायची तुझी तयारी नव्हती आणि पहाटे उठून दोन डबे करायचे असल्यामुळे माझीही. म्हणून आता निवांत लिहितेय. चहा घेऊन बस, आणि वाचून होईपर्यंत त्या मशीनला हात लावू नकोस.

आधी एक कबुली. दिवाळीला आले होते तेव्हा तुझ्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडून मी मेमरीचा वेग बघितला होता. २१३३. तुझ्या रॅमच्या खोक्यावर छापलंय ३२००. म्हणजे दोन वर्षं तू ३२०० चे पैसे मोजून २१३३ वर काम करत होतीस. सांगायला हवं होतं, पण तू चकल्यांच्या घाण्यात होतीस आणि मी म्हटलं, चाललंय ते चालू दे. तेव्हाच बोलले असते, तर पुढचं सगळं कदाचित टळलं असतं.

कारण पुढे काय झालं ते तूच सांगितलंस. फोटोंचं काम वाढलं, १६ जीबी पुरेना, म्हणून तू एका दुकानातून आठ-आठ जीबीच्या दोन वापरलेल्या स्टिक आणल्यास आणि रिकाम्या स्लॉटमध्ये बसवल्यास. मशीन चालू झालं, ३२ जीबी दिसले, सगळे खूश. मग तुझ्या त्या मित्राला कुठूनतरी कळलं की बायोसमध्ये एक्सएमपी नावाचं बटण दाबलं की रॅम पळायला लागते. त्याने दाबलं. हेतू चांगला होता, त्याला बोल लावू नकोस. पण त्या बटणाने नेमकं काय केलं, ते समजून घे.

रॅमच्या प्रत्येक स्टिकवर, मोठ्या काळ्या चिपांच्या जोडीला, एक मुगाच्या डाळीएवढी चिप असते. तिच्यात त्या स्टिकची कुंडली लिहिलेली असते: किती जीबी, कुठल्या वेगाला कुठलं टायमिंग, किती व्होल्ट. हिला एसपीडी म्हणतात. डीडीआर४ मध्ये ही सगळी कुंडली ५१२ बाइटमध्ये मावते. आपल्या गप्पांमधल्या एका मेसेजला त्याहून जास्त जागा लागते! मशीन चालू झालं की बायोस आधी ही कुंडली वाचतं. तिच्यात दोन प्रकारचे आकडे असतात. एक, जेडेक या प्रमाणसंस्थेच्या नियमात बसणारे, म्हणजे कुठल्याही बोर्डावर चालतील असे सावध आकडे. दुसरे, स्टिक बनवणाऱ्या कंपनीने "आमची रॅम एवढी पळते बघा" म्हणून वेगळे लिहिलेले. हे दुसरे म्हणजे एक्सएमपी. इंटेलने २००७ साली डीडीआर३ च्या वेळी ही पद्धत आणली. एएमडीच्या बोर्डांवर तेच कधी डीओसीपी, कधी ए-एक्सएमपी अशा नावांनी दिसतं, आणि डीडीआर५ साठी एएमडीने २०२२ मध्ये एक्स्पो नावाचं स्वतःचं काढलं. नावं काहीही असोत, हे आकडे आपण सांगितल्याशिवाय लागू होत नाहीत. म्हणून तुझी रॅम दोन वर्षं २१३३ वर बसून होती.

आणि मित्राने बटण दाबलं तेव्हा बोर्डाने तुझ्या जुन्या जोडीची एक्सएमपी कुंडली उचलली, ३२०० वेग, १६-१८-१८-३६, १.३५ व्होल्ट, आणि चारही स्टिकना तीच लावली. नव्या आणलेल्या दोघींना हे झेपणारच नव्हतं. त्यांच्या लेबलचा फोटो तू पाठवलास ना, त्यात बघ: "८ जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-यूए२-११". ही नुसती कंपनीची गिचमिड नाही, वाचता येते. पीसी४ म्हणजे डीडीआर४, आणि त्यातच १.२ व्होल्ट आले. २६६६ हा वेग. त्याच्या मागचा 'व्ही' फार महत्त्वाचा. तो सांगतो की टायमिंग १९-१९-१९. २१३३ च्या मागे 'पी' असतो, म्हणजे १५. २४०० च्या मागे 'टी' असेल तर १७. ३२०० च्या मागे 'एए' म्हणजे २२. पुढचा 'यू' म्हणजे डेस्कटॉपची. लॅपटॉपची असती तर तिथे 'एस' असता. दुकानात कुणी काहीही म्हणो, ही एक ओळ वाचता आली की निम्मं काम झालं.

आता हे १६-१८-१८-३६ म्हणजे काय ते सांगते, नाहीतर तू म्हणशील, ताई नुसते आकडे फेकते.

आपण आजोबांच्या जमिनीचा सातबारा काढायला तलाठ्याकडे जायचो, आठवतंय? ऑनलाइन व्हायच्या आधीची गोष्ट. भाऊसाहेब आधी कपाटातून गावाचं ते जाडजूड रजिस्टर काढणार आणि टेबलावर उघडणार. मग उघड्या रजिस्टरात बोट फिरवत आपला गट नंबर शोधून वाचणार. दुसऱ्या गावचा माणूस आला की हे रजिस्टर मिटून जागेवर, मग त्याचं बाहेर. रॅममध्ये हुबेहूब हेच चालतं. माहिती ओळी आणि रकान्यांत ठेवलेली असते. ओळ उघडायला लागणारा वेळ म्हणजे दुसरा आकडा, टीआरसीडी. उघडलेल्या ओळीतून हवा तो रकाना हातात पडेपर्यंतचा वेळ म्हणजे पहिला आकडा, सीएल. ओळ मिटायला लागतो तो तिसरा, टीआरपी. आणि एकदा उघडलेली ओळ किमान किती वेळ उघडी ठेवायचीच, तो चौथा, टीआरएएस. हा चौथा का लागतो, ते सांगते. रॅममध्ये ओळ वाचली की तिथला मजकूर पुसला जातो, तो पुन्हा लिहून ठेवावा लागतो. रजिस्टर मिटायची घाई केली तर लिहिणं अर्धंच राहतं, आणि पुढच्या खेपेला भलतंच वाचलं जातं.

हे असं का, तर प्रत्येक बिट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर आणि त्याच्या दारावर एक ट्रान्झिस्टर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६८ साली या रचनेचं पेटंट मिळालं, आणि तुझ्या टेबलाखालच्या डब्यात आजही तीच रचना आहे. हा कपॅसिटर म्हणजे पाझरणारं मडकं. भरून ठेवलं तरी थेंबथेंब रितं होणार. म्हणून दर ६४ मिलिसेकंदांत सगळी मडकी एकदा पुन्हा भरून घ्यायची, असा नियम आहे. चिप ८५ अंशांच्या वर तापली की पाझर वाढतो आणि हे काम दुप्पट वेळा करावं लागतं. तुझ्या खोलीवर पत्रा आहे, दक्षिणेची खिडकी आहे, आणि कॅबिनेटचं तोंड तू भिंतीकडे केलंयस. मे महिन्यात दुपारी त्या डब्याला हात लावून बघ. जानेवारीत गुण्यागोविंदाने चालणारं टायमिंग मेमध्ये का रुसतं, याचं एक कारण तिथे सापडेल. ते कॅबिनेट आधी वीतभर पुढे ओढ बाई.

टायमिंगचे आकडे सेकंदात नसतात, ठोक्यांत असतात. त्यामुळे नुसता १६ लहान आणि १९ मोठा असं म्हणून चालत नाही, ठोका किती जलद ते बघावं लागतं. हिशेब सोपा आहे: सीएलला २००० ने गुण आणि वेगाने भाग, उत्तर नॅनोसेकंदांत येतं. तुझी जुनी जोडी: १६ गुणिले २०००, भागिले ३२००, बरोबर १०. नवी जोडी: १९ गुणिले २०००, भागिले २६६६, म्हणजे सव्वाचौदा. आता तूच बघ. जिला कपाटातून कागद काढून द्यायला सव्वाचौदा लागतात, तिला मित्राने सांगितलं, दहात दे. तिने दिला. पण कधीकधी चुकीचा कागद दिला.

गंमत सांगू? बाबांच्या त्या जुन्या पेंटियम फोरमध्ये डीडीआर ४०० होती, सीएल ३. तोच हिशेब कर, १५ नॅनोसेकंद येतात. आजच्या साध्या डीडीआर५ ४८००, सीएल ४० ला पावणेसतराच्या आसपास. म्हणजे पहिला कागद हातात पडायला वीस वर्षांपूर्वी लागायचा तेवढाच वेळ अजून लागतो. वाढलंय ते एकदा सुरू झाल्यावर किती भराभर कागद येतात ते. म्हणून दुकानदार "सीएल ४०, खराब रॅम" म्हणाला किंवा "६०००, जबरदस्त" म्हणाला, तर मान डोलवायची आणि फोनवरचा कॅल्क्युलेटर उघडायचा.

आता व्होल्टेज. इथे मात्र माझं ऐकायचंच, कारण हे मी पैसे घालवून शिकलेय.

हॉस्टेलमध्ये असताना, २००८ ची गोष्ट, माझ्याकडे डीडीआर२ च्या दोन साध्या स्टिक होत्या. १.८ व्होल्टच्या. शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या रॅमवर चकचकीत पत्रा होता आणि त्यावर लिहिलेलं, ४-४-४-१२, २.१ व्होल्ट. मला वाटलं, आकडे तर आकडे, माझ्यात भरले की माझीही तशीच पळेल. टायमिंग भरलं, मशीन उठेना. मग व्होल्टेज २.१ केलं, उठलं. अधूनमधून अडकायचं म्हणून २.२ केलं. तीन आठवडे मी सगळ्या विंगला ऐट दाखवत फिरले. चौथ्या आठवड्यात, प्रोजेक्टचा रिपोर्ट प्रिंट करायच्या सकाळी, बटण दाबलं तर नुसते लांब लांब बीप. एक स्टिक कायमची गेली. ती परत द्यायलाही तोंड नव्हतं, कारण चूक सर्वस्वी माझी होती. तिच्या रॅममधल्या चिपा निवडून घेतलेल्या होत्या, माझ्या नव्हत्या. पत्र्याखाली काय आहे हे न बघता मी पत्र्यावरचं वाचलं.

तेव्हापासून माझा नियम आहे. टायमिंगशी खेळायला हरकत नाही. चुकलं तर मशीन उठत नाही किंवा तुझ्यासारखं चुका करत राहतं, पण सेटिंग पुसलं की परत जागेवर येतं. व्होल्टेज अंदाजाने द्यायचं नाही. प्रत्येक पिढीचा आकडा ठरलेला आहे: डीडीआर २.५, डीडीआर२ १.८, डीडीआर३ १.५, डीडीआर४ १.२, डीडीआर५ १.१. दर पिढीला उतरतच आलाय, कारण चिपा बारीक होत गेल्या आणि सोसायची ताकद कमी होत गेली. एक्सएमपीवाल्या डीडीआर४ ला १.३५ लागतात, तेही कंपनीने कुंडलीत लिहिलेले असतील तरच.

आणि हे व्होल्टेज फक्त रॅमला सोसावं लागतं असंही नाही. पूर्वी रॅमचा कारभार बोर्डावरच्या वेगळ्या चिपकडे असायचा. इंटेलने २००८ साली पहिले कोअर आय-७ काढले तेव्हा तो कारभार थेट प्रोसेसरच्या पोटात नेला, आणि बजावलं की रॅमला १.६५ च्या वर व्होल्ट देऊ नका. त्या वेळी बाजारात १.८, १.९ व्होल्टवर पळणाऱ्या डीडीआर३ मिळत होत्या. त्या एका रात्रीत अडगळीत गेल्या. दूरचं कशाला, २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर अक्षरशः जळाले. रॅमसाठी एक्स्पो चालू केलं की काही बोर्ड आपल्या मनाने प्रोसेसरमधलं एसओसी नावाचं व्होल्टेज जास्तच चढवत होते. मग एएमडीने बायोस बदलून त्यावर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. बोर्ड 'ऑटो'वर आहे म्हणजे सगळं शहाणपणानेच चाललंय, असं मी तेव्हापासून धरत नाही. बायोस अपडेट करायचा कंटाळा करू नकोस, हे त्याच ओघात सांगून टाकते.

लॅपटॉपचंही एक सांगून ठेवते, कारण पुढच्या महिन्यात तू मामीच्या जुन्या लॅपटॉपसाठी रॅम शोधणार आहेस. तो डीडीआर३ च्या काळातला आहे. त्या काळात दोन प्रकार होते: साधी १.५ व्होल्टची, आणि १.३५ वर चालणारी, जिच्या लेबलवर पीसी३ च्या पुढे एक 'एल' असतो. दोन्हींची खाच एकाच जागी, त्यामुळे स्लॉटमध्ये दोन्ही बसतात. 'एल'वाली दोन्हीकडे चालते. साधी मात्र त्या काळच्या शेवटच्या लॅपटॉपांत चालत नाही, कारण त्यांना १.३५ च लागतात. तेव्हा 'एल' बघूनच घे, डोक्याला ताप नाही.

बरं, आता तुझं मशीन. नेटवर कुणाची रॅम कुठल्या आकड्यांवर चालते ते शोधत बसू नकोस, तुझ्या स्टिकला विचार. सीपीयू-झेड नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे. त्यात 'मेमरी' नावाच्या टॅबवर आत्ता काय चाललंय ते दिसतं, आणि 'एसपीडी'वर स्टिकची कुंडली. वरच्या डाव्या कोपऱ्यात स्लॉट बदलता येतो. चारही स्लॉट एकेक करून उघड आणि वहीत उतरव. खाली एक तक्ता असतो, शेवटच्या ओळीत व्होल्टेज. तिथे वेग निम्माच दिसेल, ३२०० च्या जागी १६००. घाबरू नकोस. एका ठोक्याला दोनदा माहिती जाते, म्हणून जाहिरातीत दुप्पट छापतात. पार्ट नंबरही तिथेच असतो. तो लेबलशी जुळतोय ना बघ. जुन्या मालात लेबलं बदललेली असू शकतात. जुळत नसेल, तर ती स्टिक सरळ परत नेऊन दे, हुज्जत घालत बसू नकोस.

माझ्या अंदाजाने वहीत हे येईल: जुन्या जोडीला जेडेकचे २१३३ आणि एक्सएमपीचे ३२००; नव्या जोडीला जेडेकचे २६६६ पर्यंत, एक्सएमपीचा रकानाच नाही. मग चौघींना सोबत नांदवायचं तर सगळ्यांत सावकाश चालणारीच्या चालीने चालायचं. वारीत बाबा म्हणायचे ना, दिंडीचा वेग म्हातारीचा. तुझ्यासाठी तो २६६६, १९-१९-१९-४३, १.२ व्होल्ट. शेवटचे ४३ कुठून आले म्हणशील, तर जेडेकच्या नियमात ओळ किमान ३२ नॅनोसेकंद उघडी लागते, त्याचे या वेगाला तेवढे ठोके होतात. जुनी जोडी ३२०० ला १६ करणारी आहे, तिला २६६६ ला १९ म्हणजे आराम. तुझ्या रायझन ५ ३६०० ला दोन स्टिक असताना ३२०० ची अधिकृत परवानगी आहे. तुझ्यासारख्या, म्हणजे '१आर' छापलेल्या, चार असतील तर ती २९३३ वर येते. आपण त्याच्याही खालीच आहोत.

तू विचारशील, मग ३२०० चं काय? नव्या दोन काढून टाकल्या तर? तर १६ जीबी ३२०० वर मस्त पळतील, खरं आहे, आणि रायझनला जलद रॅम मानवतेही. पण तुझं काम काय आहे? लग्नाचे दोन-दोन हजार फोटो उघडून बसायचं. तिथे रॅम पुरली नाही की मशीन डिस्कवर सामान हलवायला लागतं, आणि मग ३२०० असो की ४०००, तू हाताची घडी घालून बसणार. गेम खेळणाऱ्या मुलाला मी उलट सल्ला दिला असता. तुला ३२ जीबीच हवेत, मग वेग थोडा कमी का असेना.

करायचं असं. मशीन बंद, प्लग काढ, पॉवर बटण एकदा दाबून उरलीसुरली वीज जाऊ दे, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव. चारही स्टिक काढून त्यांच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलकेच फिरव आणि चुरा झटक. परत लावताना एका रंगाच्या दोन स्लॉटमध्ये जुनी जोडी, दुसऱ्या रंगात नवी. दोन्हीकडच्या कानांचा कट्ट आवाज आला पाहिजे. निम्मे बिघाड तो कट्ट न ऐकल्यामुळे होतात, असं माझं मत आहे.

चालू करताना डिलीट दाबत राहा. बायोसचं आत्ताचं पान मोबाइलवर फोटो काढून ठेव. एक्सएमपी बंद. मेमरीचा वेग २६६६. टायमिंगचे पहिले चार आकडे हाताने. १९ लिहिल्यावर एखादा बोर्ड २० दाखवेल. गिअर डाऊन नावाची सोय चालू असली की सम आकडाच चालतो, त्यात बिघडत काही नाही. खाली अजून तीसेक ओळी असतील, त्यांना हात लावायचा नाही, 'ऑटो'च राहू दे. 'डीरॅम व्होल्टेज' १.२००. त्याच्या शेजारीपाजारी 'सीपीयू कोअर' आणि 'एसओसी' असं लिहिलेली खाती असतात. तिथे चुकून १.२ टाकू नकोस. एंटर दाबायच्या आधी नाव पुन्हा मोठ्याने वाच. मी अजूनही वाचते, आणि तुझे दाजी मला हसतात.

उठलं नाही तर दोन-तीनदा आपणच बंद-चालू होऊ देत, बोर्ड बहुतेक स्वतःच जुन्या आकड्यांवर येतो. नाहीच आलं तर प्लग काढून बोर्डावरची ती गोल बॅटरी, घड्याळातल्यासारखी, सीआर२०३२, पाच मिनिटं बाहेर काढ. सगळं सेटिंग पुसलं जाईल आणि मशीन पहिल्यासारखं उठेल.

उठलं म्हणजे झालं असं मात्र नाही. तुझं मशीन आत्ताही उठतंच होतं की! मेमटेस्ट८६ प्लस पेनड्राइव्हवर घालून त्यावरून चालू कर आणि रात्रभर सोड. किमान चार फेऱ्या झाल्या पाहिजेत. चूक सापडली की पडद्यावर लाल ओळ येते. एक जरी आली तरी नापास, पस्तीस टक्क्यांवर पास होण्याची सोय इथे नाही. मग २४०० वर ये, १७-१७-१७-३९, व्होल्टेज तेच. त्यावरही लाल आलं तर एकेक स्टिक एकटीने, एकाच स्लॉटमध्ये तपास. जी आपल्या लेबलवरच्या आकड्यांवर एकटी असतानाही चुकते, ती बाद. बिल सांभाळून ठेवलंयस ना?

आता त्या राखाडी नवरीचं. फोटोची फाइल दाबून लहान केलेली असते. तिच्यातला एकच बिट उलटा झाला तरी तिथून खालचं सगळं चित्र कोसळू शकतं. तुझ्या साध्या रॅमला आपण चुकलो हे कळतही नाही. चूक ओळखणारी वेगळी ईसीसी रॅम असते, ती तुझ्याकडे नाही. त्यामुळे एक्सएमपी चालू केल्यापासून, म्हणजे साधारण मागचे बारा दिवस, तू त्या मशीनवर जे जे कॉपी केलंस, सेव्ह केलंस, झिप केलंस, त्यातलं काहीही आतून बिघडलेलं असू शकतं. एक फोटो डोळ्यांना दिसला, बाकीचे उघडून पाहिलेसही नसशील. बॅकअपच्या डिस्कवर गेलेली प्रतही याच रॅममधून गेली आहे, तिच्यावर विसंबू नकोस.

म्हणून मने, टेस्ट पास होईपर्यंत एडिटिंग बंद. आणि हळदीची, लग्नाची दोन्ही कार्डं कॅमेऱ्यातून काढून आईच्या कपाटात ठेव. रविवारचं साखरपुड्याचं शूट आहे म्हणून ती फॉरमॅट करायला जाशील, तर तसं करू नकोस. नवीन कार्ड घे, पैसे मी आत्ताच पाठवतेय.